माझ्या कातडीत गुंडाळलेलं विष

मी एक जुनी कातडी आहे, मित्रांनो, आणि तीही अख्खी नाही. एका लाल रक्तपेशीच्या कातडीचा मी फाटका तुकडा. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलात तरी मी तुम्हाला दिसणार नाही. पण म्हणून मला कमी लेखू नका. माझ्या हातून एक खून झालेला आहे आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

सध्या मी भोपाळमध्ये, बाग सेवनियाच्या बाजूच्या एका प्रयोगशाळेत, काचेच्या बरणीत राहते. बरणीत उग्र वासाचं पाणी आहे. त्या पाण्यात मांसाचा एक गोळा बुडवून ठेवलाय आणि त्या गोळ्याच्या कापलेल्या कडेशी मी आहे. येणारेजाणारे बरणीकडे बघून नाक मुरडतात. मुरडू देत. त्यांना काय ठाऊक, इथपर्यंत यायला किती जणींचे मुडदे पडले ते.

ही कहाणी माझी असली, तरी पणाला लागला होता तो सोनलचा उजवा हात. तो राहणार की जाणार, या एका प्रश्नातच माझं निम्मं आयुष्य गेलं.

माझा जन्म सोनलच्या कमरेच्या हाडात झाला. जन्म कसला, मारामारीच ती. प्रत्येक पेशीच्या पोटात एक केंद्रक असतं, तो तिचा मेंदू समजा. आम्हा लाल पेशींना मेंदूची चैन परवडत नाही. जन्मतानाच ते केंद्रक उपटून बाहेर फेकायचं आणि रिकाम्या पोटात हिमोग्लोबिन ठासून भरायचं, हा आमच्या घरचा रिवाज. माझ्या शेजारी भुकेल्या भक्षक पेशी तोंड वासून बसल्या होत्याच. त्यांनी माझं केंद्रक गट्ट केलं, ढेकर दिला आणि मला धक्का मारून रक्तात ढकललं. बारसं नाही की कौतुक नाही. फुप्फुसातून प्राणवायू उचल, अंगभर वाटून ये, परत जा. थांबलीस की मेलीस.

सोनल वीस वर्षांची होती. आजोबांच्या सरकारी नोकरीबरोबर नागपूरहून भोपाळला आलेलं हे घराणं. वडील मधुकरराव त्याच कचेरीच्या नोकरीत, आई प्रमिलाबाई घरी, आणि घर नेहरू नगरमध्ये. अशा शांत घरातली ही मुलगी बॉक्सिंग खेळायची. तिचा उजव्या हाताचा ठोसा साऱ्या राज्यात माहीत होता. पुढच्या स्पर्धेत जिंकली असती तर देशाच्या शिबिरात गेली असती.

ठोसा बसला की बाहेरच्याला फक्त आवाज ऐकू येतो. आत काय होतं ते आम्हाला विचारा. सोनलच्या गालावर किंवा बरगडीवर दणका बसला की तिथल्या बारीक नळ्या फटाफट फुटत आणि माझ्या बहिणी मांसात सांडत. परत फिरायला वाट नाही. तिथेच त्या सडत, आधी जांभळ्या, मग हिरवट, मग पिवळ्या. तुम्ही त्याला काळंनिळं पडणं म्हणता. मी दोनदा अगदी थोडक्यात वाचले. एकदा तर नाकाच्या नळीत होते आणि माझ्या पुढची रांगच्या रांग भळाभळा रिंगणात सांडली. मला भीती वाटली, रागही आला, आणि खरं सांगते, अभिमानही वाटला. कारण पुढच्याच क्षणी उजव्या हाताच्या स्नायूंनी आमच्याकडून प्राणवायू हिसकावला आणि समोरची मुलगी गुडघ्यावर आली.

या सगळ्या मारहाणीला घरात एकच नाव होतं, मुका मार. त्यावर उपायही एकच. आंबेहळद उगाळायची, तुरटी घालून कढवायची, दाट लेप द्यायचा आणि वरून तव्यावर तापवलेल्या मिठाच्या पुरचुंडीने शेकायचं. प्रमिलाबाई या कामात इतक्या तरबेज होत्या की तव्यावर मीठ तडतडलं की मधुकरराव न विचारता ओळखत, आज पोरीने मार खाल्लाय. या घरात सूज म्हणजे मार, आणि मार म्हणजे शेक. सोनलला रिंगणात उतरून सात-आठ वर्षं झाली होती, तेवढ्या काळात हे गणित एकदाही चुकलं नव्हतं.

म्हणून तर ते चुकलं तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

सोनलच्या उजव्या दंडाला, कोपराच्या जरा वर, आतल्या अंगाला एक गाठ होती. मी जन्मले तेव्हा ती लिंबाएवढी होती. दुखत नव्हती, आणि खरं तर हेच चमत्कारिक होतं, कारण मुका मार दुखतो. पण त्यावरही लेप बसला आणि शेकही बसला. वरून पिवळी धमक हळद, आणि आत काय चाललं होतं ते मी स्वतः पाहिलंय. त्या गाठीतून मी कितीतरी वेळा गेले. तिथे रस्ते सरळ नव्हते. घाईघाईने फोडलेल्या वेड्यावाकड्या नळ्या, भिंतींना भोकं, कुठे वाट अचानक संपलेली. आतल्या पेशी एकमेकींच्या अंगावर चढून वाढत होत्या. मी शिरले की चहूबाजूंनी झडप पडायची. प्राणवायू ओरबाडून घेत, साखर लुटत, आणि बदल्यात आंबट घाण माझ्या अंगावर थुंकत. शेजारच्या चांगल्या स्नायूला त्यांनी चिरडून, उपाशी ठेवून मारलेलं मी बघितलं. मी ओरडत होते, पण रक्ताचं ओरडणं ऐकतो कोण? लिंबाचा पेरू झाला तरी शेक चालूच होता.

शेवटी एका सामन्यात सोनलने उजवा हात उचलला आणि तो उचललाच गेला नाही. बोटं बधिर झाली होती. समोरच्या मुलीने तिला असं झोडपलं की आमच्यातल्या हजारो जणी एका फेरीत गारद झाल्या. कोचने तिला तसंच गाडीत घालून दवाखान्यात नेलं. गाठीचा तुकडा तपासायला गेला, आणि मग घरात तो शब्द आला, कॅन्सर.

मोठ्या इस्पितळातल्या सर्जननी फोटो उजेडावर धरले. गाठीने हाताच्या मुख्य नसेला, म्हणजे मज्जातंतूला, आणि रक्तवाहिनीला वेढा घातला होता. ते फार बोलणारे नव्हते.

"हाथ निकालना पड़ेगा, बेटा. कंधे के पास से."

सोनलने फक्त मूठ वळायचा प्रयत्न केला. त्या क्षणी मी तिच्या मनगटात होते. मूठ अर्ध्यातच थांबली, आणि तिचं हृदय असं धडधडलं की आम्ही सगळ्या भिंतींवर आपटलो.

तिथेच त्यांना डॉ. अपर्णा भेटल्या. त्या महाराष्ट्रातून बदली होऊन आलेल्या, शास्त्रज्ञ, आणि या इस्पितळाबरोबर एका नव्या औषधाची चाचणी करत होत्या. औषध खरं तर जुनंच होतं. तांबडं, जहाल विष. जिथे सांडेल तिथलं मांस जाळून टाकणारं. अडचण अशी, की शरीरात सोडलं की ते हृदयालाही भाजतं आणि केसांनाही, आणि गाठीपर्यंत त्यातलं जेमतेम चिमूटभर पोचतं. त्या विषाच्या अतिसूक्ष्म गोळ्या करून पाठवल्या, तर भक्षक पेशी त्या परक्या म्हणून वाटेतच खाऊन टाकतात. मग अपर्णाबाईंनी युक्ती शिकून घेतली ती आमच्याकडूनच. लाल पेशी महिनोन्महिने अंगभर फिरते आणि तिला कुणी हात लावत नाही. का? कारण तिच्या कातडीवर एक खूण असते, मला खाऊ नका, मी घरची आहे. मग विषाच्या गोळीला रोग्याच्याच रक्तपेशीची कातडी नेसवली तर?

हे सगळं त्यांनी सोनलला नीट समजावलं. गाठ आकसली आणि नसेपासून सुटली तर सर्जन नुसती गाठ काढतील आणि हात वाचेल. नाही सुटली तर हात जाईल.

सोनलने विचारलं, "राहील का हात?"

"शक्यता आहे," अपर्णाबाई म्हणाल्या. "खात्री देत नाही. देणारा कुणी भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस."

सोनलने सही केली. डाव्या हाताने केली, वेडीवाकडी.

आता माझी पाळी आली. तोवर मी म्हातारी झाले होते. आमचं आयुष्य चार महिन्यांचं, त्यातले बरेचसे सरले होते. म्हाताऱ्या पेशी गिळणाऱ्या प्लीहेतल्या भक्षक बाया माझ्याकडे सुरी परजून बघायला लागल्या होत्या. तेवढ्यात सोनलच्या डाव्या हातात सुई घुसली आणि मी बाहेर ओढली गेले.

मित्रांनो, माणसं प्रयोगशाळेला शांत जागा म्हणतात. मी सांगते, मी रिंगण पाहिलंय आणि प्रयोगशाळाही पाहिली आहे, आणि रिंगणात निदान पंच असतो. उदय नावाच्या तंत्रज्ञाने आम्हाला आधी यंत्रात घालून गरगर फिरवलं. अशी गती, की आम्ही नळीच्या तळाशी एकमेकींत चेंगरून बसलो. मग त्याने आम्हाला जवळजवळ साध्या पाण्यात ओतलं. रक्तात मीठ असतं म्हणून आम्ही आकारात राहतो. त्या पाण्यात मीठ नव्हतं. पाणी कातडीतून आत घुसलं, मी फुगले, आणखी फुगले, ताणून ताणून पारदर्शक झाले आणि फुटले. जन्मापासून जपलेलं हिमोग्लोबिन डोळ्यांदेखत वाहून गेलं. भोवती लाखो जणी फुटत होत्या. लाल पाणी मोरीत गेलं आणि तळाला उरला आमच्या रिकाम्या कातड्यांचा फिकट साका.

उदय वाईट माणूस नव्हता. आम्हाला बर्फात ठेवायचा, वेळ झाली की जेवण टाकून धावत यायचा. पण कातडी सोलणाऱ्याच्या चांगुलपणाचं कौतुक सोललेल्याने करावं, ही अपेक्षा जरा जास्तच झाली.

पुढे त्याहून वाईट होतं. अतिसूक्ष्म छिद्रांच्या चाळणीतून आम्हाला दाबून ढकललं. इकडून तिकडे, तिकडून इकडे. अख्खी कातडी त्या छिद्रातून जाणं शक्यच नव्हतं. मी टराटरा फाटले. माझे शेकडो तुकडे झाले आणि त्यातला एक तुकडा म्हणजे आज तुमच्याशी बोलणारी मी. मग त्याच चाळणीतून विषाच्या गोळ्या आमच्याबरोबर दाबल्या आणि मी एका गोळीला चहूबाजूंनी घट्ट चिकटले. आयुष्यभर प्राणवायू वाहणारी मी, आता माझ्या पोटात मरण होतं. एका केसाच्या रुंदीत आमच्यासारख्या शेकडो ओळीने बसतील, एवढी मी लहान झाले. यंत्राच्या पडद्यावर आमचा फोटो पाहून अपर्णाबाई म्हणाल्या, छान गोल झाल्यात. एवढं कौतुक मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं. मला ते आवडलं, लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनलच्या डाव्या हातातून आम्ही पुन्हा घरी शिरलो. घर तेच, पण आता आम्ही वेषांतर केलेले मारेकरी होतो.

पहिली चकमक यकृतात झाली. तिथल्या भक्षक पेशी नळीच्या भिंतींना चिकटून बसलेल्या, प्रत्येकीला चाचपून बघत. ज्यांची कातडी चाळणीत नीट बसली नव्हती, ज्यांच्या अंगाखालून गोळी उघडी दिसत होती, त्यांना त्यांनी जागच्या जागी गिळलं. काही भक्षक पेशी ते विष पोटात फुटून स्वतःच मेल्या. एकीने मला धरलं, माझ्यावरून हात फिरवला, खूण वाचली आणि सोडून दिलं. पुढे प्लीहेत तर मी जवळजवळ संपलेच होते. मी म्हाताऱ्या पेशीची कातडी, खूण पुसट झालेली. तिथल्या चिंचोळ्या फटीत अडकले ती अडकलेच. कितीतरी वेळ एक भक्षक बाई मला अर्धी तोंडात घालून विचार करत होती. माझ्या पुढे गेलेल्या तुकड्या तोवर सोनलच्या दंडात पोचल्याही होत्या. मी चिडून हातपाय झाडत होते, की लढाई सुरू झाली आणि मी इथे हिच्या तोंडात लोंबकळतेय.

आणि म्हणूनच मी वाचले.

सोनलला एक रात्र इस्पितळात ठेवून घरी पाठवलं होतं. अपर्णाबाईंनी प्रमिलाबाईंना बजावलं होतं, दंडाला काहीही लावायचं नाही, दुखलं तर फोन करा. प्रमिलाबाईंनी मान डोलावली होती. त्यांनी आंबेहळद सहाणेसकट उचलून फडताळात ठेवून दिली होती. बाई दिल्या शब्दाला पक्क्या. पण शेक म्हणजे काही लावणं असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. शेक म्हणजे त्यांच्या लेखी पोरीच्या अंगावरून हात फिरवणं.

दुपारी गाठीत पहिल्या तुकड्यांनी विष फोडायला सुरुवात केली आणि सोनल कळवळली. इतकी वर्षं मार खाऊन हूं की चूं न करणारी मुलगी उशीची कड दातात धरून विव्हळायला लागली. मधुकरराव फोन लावत होते, तो लागत नव्हता. स्वयंपाकघरात मीठ तडतडलं.

"आई, मॅडमने मना केलंय ना," सोनल म्हणाली.

"मी काही लावत नाही गं. नुसता उबारा देते. थोडं बरं वाटेल."

सोनलने डोळे मिटले आणि हात पुढे केला. दुखणं तसंच होतं, आणि आईचे हात नेहमीचे होते.

आमची गोळी मेणासारख्या पदार्थाची. माणसाच्या तापात टिकेल अशी, पण तव्यावरून उतरलेल्या मिठापुढे ती टिकणारी नव्हती. पुरचुंडी दंडावर टेकली आणि कातडीजवळच्या नळ्यांमधून गाठीकडे निघालेल्या माझ्या हजारो बहिणी जागेवर वितळल्या. त्यांच्या पोटातलं तांबडं विष गाठीच्या बाहेर, चांगल्या मांसात सांडलं. प्रमिलाबाई दाबून दाबून शेकत होत्या, वर्षानुवर्षं शेकत आल्या तसंच, मायेने. आत कत्तल चालली होती. नळ्या फाटल्या, कातडीखालचं मांस शिजल्यासारखं झालं. संध्याकाळपर्यंत दंडावर टरारून फोड आले. दुसऱ्या दिवशी ते काळे पडले आणि फुटले.

त्या भक्षक बाईने मला थुंकून दिलं ते शेकाच्याच दुपारी, शेक संपता संपता. मी वाहत वाहत दंडात आले तेव्हा तिथे फक्त फाटकी कातडी आणि राख उरली होती. मी थांबू शकत नव्हते, रक्त थांबू देत नाही. उष्णतेने गाठीच्या आधीच भोकं पडलेल्या नळ्या आणखी सैल झाल्या होत्या, भिंती उसवल्या होत्या. आमच्यासारख्या मागे राहिलेल्या जणी त्या भगदाडांतून आत घुसल्या, पूर्वी कधी गेलो नव्हतो इतक्या खोल, अगदी नसेला वेढा घालून बसलेल्या पेशींपर्यंत.

त्यातली एक मी निवडली. की तिने मला निवडलं? ती भुकेलेली होती. तिला वाटलं, आली आणखी एक म्हातारी, ओरबाडा. तिने मला कवेत घेऊन आत ओढलं. आत तिचं ते आंबट पोट. माझी कातडी तिथे उकलली. मला दुखलं, खूप दुखलं, पण मी ओठ घट्ट मिटून ठेवले नाहीत, उलट जितकं जमेल तितकं फाटले. विष बाहेर पडलं आणि थेट तिच्या केंद्रकात शिरलं. वाढत राहा, वाढत राहा, हे ज्या धाग्यांवर लिहिलेलं असतं ते धागे त्याने तटातट तोडले. ती आधी आक्रसली, मग थरथरली. शेजारणीला धरायला गेली, तर शेजारीण स्वतःच फुटत होती. अखेर तिच्या अंगावर बुडबुडे आले आणि ती तुकड्या-तुकड्यांनी ढासळली, मी तिच्या आत असतानाच. सोनलच्या स्नायूला हिनेच चिरडलं होतं. मी तिला मरताना शेवटपर्यंत पाहिलं.

मग तिथे शांतता झाली. मेलेल्या मांसात रक्त येत नाही. मी तिथेच अडकले.

बाहेरचं बोलणं मांसातून अंधुक ऐकू यायचं. प्रमिलाबाईंनी काही लपवलं नाही. फोन लागल्याबरोबर त्यांनी स्वतः अपर्णाबाईंना सांगितलं, मी शेकलं. अपर्णाबाई ओरडल्या नाहीत. दुसरी मात्रा रद्द, एवढंच म्हणाल्या. सर्जन मात्र फार चिडले. जळलेल्या कातडीखाली सुरी कशी चालवायची? जखम भरेपर्यंत थांबावं लागणार, आणि गाठ काही थांबत नसते. त्या दिवसांत प्रमिलाबाई मुलीला भरवायच्या, वेणी घालायच्या, पण तिच्या दंडाला हात लावायच्या नाहीत. सोनलने एकदा त्यांचा हात ओढून स्वतःच्या खांद्यावर ठेवला. त्यांनी तो काढून घेतला. मला तेव्हा वाटलं, विष जितकं मांसाला जाळत नाही तितकं या बाईला जाळतंय. आणि मला तिचा रागही येत होता. माझ्या हजारो बहिणी तिने भाजल्या होत्या. दोन्ही एकदम वाटत होतं, काय करू?

ऑपरेशनच्या दिवशी मी शेवटचं ऐकलं ते सर्जनचं वाक्य.

"कंधे तक की तैयारी रखो."

मग सुरी. वरची मेलेली कातडी बाजूला झाली, स्नायू दुभंगला, आणि थंड पोलाद माझ्या अगदी जवळून फिरलं. कुणी काही ओढलं, कुणी काही बांधलं. नसेच्या बाजूला पातं थांबलं. पुन्हा सरकलं, पुन्हा थांबलं. मग मला धरून ठेवणारं सगळं एकदम तुटलं आणि माझा गोळा एका भांड्यात पडला. माझ्याबरोबर हातही पडला का? मला काहीच कळेना. गोळ्याच्या आतून बाहेरचं दिसत नाही. पुढे त्याचे बारीक काप करून तपासणीला नेले आणि उरलेला भाग या बरणीत आला. त्या कापांमुळे मी कडेशी आले होते आणि काचेतून थोडंफार दिसायला लागलं होतं. इथे बरण्यांवर आकडे असतात, नावं नसतात. उदय रोज धूळ पुसायचा, पण सोनलचं नाव कुणी काढलं नाही. मी आठवडेच्या आठवडे त्या एका प्रश्नापाशी बसून होते. एवढी कत्तल झाली ती कशासाठी, हे ज्याला माहीत नाही, त्याचं जिणं फार वाईट, मित्रांनो.

मग एके दिवशी सकाळी दार उघडलं आणि प्रमिलाबाईंचा आवाज ऐकू आला. अपर्णाबाईंनी त्यांना खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. त्यांना एकच विचारायचं होतं, आणि ते विचारायला त्या नेहरू नगरहून इतक्या लांब आल्या होत्या.

"माझ्यामुळे झालं का, मॅडम? खरं सांगा."

अपर्णाबाई उठून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"कातडी जळली ती तुमच्यामुळे," त्या म्हणाल्या. "तुम्ही आलात त्याच्या तीन महिने आधीच ही गाठ मला दिसायला हवी होती, ती दिसली नाही, तेही शेकामुळे. गाठ आतून मेलेली निघाली. ती औषधाने, की उष्णतेने औषध खोल गेलं म्हणून, ते एका रोग्यावरून मला सांगता येणार नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी काही सांगणार नाही."

प्रमिलाबाई रडल्या नाहीत. एवढं खरं त्यांना बहुतेक पहिल्यांदाच कुणी सांगितलं असावं. त्यांनी मान हलवली.

तेव्हा बरणी हलली. कुणीतरी ती फळीवरून उचलली होती. काचेवर आतल्या बाजूने मी चार बोटांची सावली पाहिली. करंगळी नीट वळत नव्हती. त्यावरचं मनगट बारीक झालं होतं, दंडावर मांडीची कातडी काढून शिवलेली होती, गोधडीच्या ठिगळासारखी, पण तो उजवा हात होता. सोनलचा हात. बरणी जड होती, पण त्याने ती सोडली नाही.

"हीच का ती," सोनल म्हणाली. तिने माझ्याकडे, म्हणजे आम्हा सगळ्यांकडे, नीट बघितलं. रिंगणात समोरच्या मुलीकडे बघायची तसं. मग बरणी खाली न ठेवता ती आईकडे वळली. "आई, हात दुखतोय. दाबून दे थोडा."

प्रमिलाबाईंनी आधी अपर्णाबाईंकडे पाहिलं. विचारलं, चालेल का? अपर्णाबाई म्हणाल्या, चालेल, ठिगळाच्या खाली, हळूच. मग बाईंनी पदराला हात पुसले आणि कितीतरी महिन्यांनी मुलीच्या दंडाला हात लावला.

मित्रांनो, मी काही तुम्हाला गाठी मारायच्या युक्त्या शिकवायला बोलले नाही. माझ्यासारख्या कितीजणी मेल्या तरी तुमच्या सगळ्या गाठी मरतील असं नाही, अजून आमच्या चाचण्याच चालू आहेत. पण न दुखणारी गाठ दिसली, ती महिना झाला तरी गेली नाही, तर तिच्यावर हळद थापू नका. दाखवा. तुमची आई शेकायला आली तर तिच्यावर चिडू नका, फक्त तिला म्हणा, आधी विचारूया. प्रमिलाबाई आता विचारतात. तेवढं विचारायला फार वेळ लागत नाही.